गोंदण आणि दाखला

मृगाचे पहिले पाऊस पडून गेले की शहापूर तालुक्यातल्या खर्डीच्या फलाटावर सकाळच्या लोकलची वाट पाहत बसलेल्या बायकांच्या पाट्यांतून भोवतालचे सगळे रान उतरून आल्यासारखे वाटते. शेवळांच्या जुड्या, त्यांची खाज मारण्यासाठी लागणाऱ्या काकडांचे वाटे, कुड्याची फुले, कोरलाची पाने आणि हंगामाच्या अखेरीची, थोडी मऊ पडलेली करवंदे. हा सारा माल कल्याणच्या किंवा ठाण्याच्या बाजारात दहा वाजण्याच्या आत पोचला पाहिजे, म्हणून या बाया कोंबड्याच्या आधी उठून पाड्यावरून निघालेल्या असतात. गेल्या वर्षी अशाच एका सकाळी एका म्हातारीकडून मी शेवळांची जुडी घेतली. सुटे पैसे मोजण्यासाठी तिने हात पुढे केला, तेव्हा मनगटापासून कोपराच्या खालपर्यंत पसरलेले तिचे गोंदण मला अगदी जवळून दिसले. मनगटाभोवती ठिपक्यांची एक ओळ होती. तिच्यावर फुल्यांची एक रांग, आणि त्याहून वर, कातडी सैल पडल्यामुळे आकार ओळखू न येणारे, तुळशीच्या रोपासारखे काहीतरी. मुळात काळा असलेला रंग वयाबरोबर हिरवा झाला होता.

“आजी, कोणी गोंदलं हे?” मी विचारले.

“गोंदणारीण यायची पाड्यावं. ल्हान व्हते मी.”

“कशासाठी गोंदतात?”

या प्रश्नाचे तिला नवल वाटले असावे. पैसे कनवटीला लावीत ती म्हणाली, “मेल्यावं बाकी समदं हितंच ऱ्हातं. येवढंच संगं येतं.”

तिच्या शेजारी तिची नात उभी होती. कॉलेजात शिकणारी, पाठीला सॅक, हातात प्लास्टिकची फाईल. तिच्या जमातीचा दाखला झाला होता, पण त्याची पडताळणी व्हावयाची होती, आणि त्या कामासाठी ती आजीबरोबरच गाडीने निघाली होती. बोलता बोलता तिने सांगितले की कचेरीत काय काय विचारतात याची तिने मैत्रिणींकडून माहिती काढली आहे: कुलदैवत कोणते, लग्नात कोणते विधी होतात, मर्तिक कसे करतात, नाच कोणता, बोली कोणती. हे सर्व तिने एका वहीत लिहून घेतले होते आणि गाडी येईपर्यंत ती ते परीक्षेच्या अभ्यासासारखे पाठ करीत होती. त्या दोघींची जमात मी येथे मुद्दामच लिहीत नाही; का लिहीत नाही, ते पुढे कळेल.

आजीच्या हातावरची खूण आणि नातीच्या वहीतली उत्तरे या दोहोंनाही आपण “ओळख” हा एकच शब्द लावतो, आणि माझ्या मते या विषयातील बहुतेक घोटाळा येथेच सुरू होतो. खूण ही वस्तू नसून ती उच्चारलेल्या शब्दासारखी असते; शब्दाला जसा बोलणारा असतो तसा ऐकणाराही असतो, आणि ऐकणारा बदलला की शब्द तोच राहूनही त्याचा अर्थ बदलतो. म्हातारीच्या हातावरचे ठिपके ज्याला उद्देशून होते तो यमाच्या दारातला कोणी पुसणारा होता, तिची सासू होती, पाड्यावरच्या बायका होत्या. सरकार नव्हते आणि गिऱ्हाईकही नव्हते. म्हणून एखाद्या समाजाच्या दृश्य चिन्हांचा विचार करताना ते चिन्ह कोणते आहे याच्याआधी ते कोणाला दाखविण्यासाठी आहे, हा प्रश्न विचारला पाहिजे, असे माझे प्रतिपादन आहे.

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत या प्रश्नाला विशेष धार आहे. माहुलीच्या पायथ्यापासून माळशेजच्या तोंडापर्यंत पसरलेल्या या पट्ट्यात म ठाकूर, क ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, मल्हार कोळी आणि वारली यांचे पाडे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत, आणि त्यांच्यात कुणबी व आगरी यांची गावे मिसळलेली आहेत. यांपैकी अनेकांच्या वरकस जमिनीत नागली आणि वरी पिकते. अनेकांची घरे कारवीच्या कुडाची असत आणि काही ठिकाणी अजून आहेत. आणि रानाच्या कडेला शेंदूर फासलेला जो वाघोबा असतो, ज्याच्या फळीवर किंवा दगडावर वाघाबरोबर चंद्र आणि सूर्य कोरलेले असतात, त्याच्यापुढे वाघबारशीला नारळ फोडणाऱ्यांत या जमातींतल्या कित्येकांचा आणि कुणबी गुराख्यांचाही समावेश असतो. तेव्हा वाघोबा ही कोणाची खूण म्हणावयाची? रानाच्या कडेला गुरे राखणाऱ्या प्रत्येकाची, असेच उत्तर द्यावे लागेल. उलट, म ठाकूर आणि क ठाकूर यांच्यातला भेद बाहेरच्या माणसाला सहसा उमगत नाही, सरकारी यादीतही ते एकाच नोंदीत बसतात, आणि तरीही पूर्वापार त्यांच्यात बेटीव्यवहार नाही.

नॉर्वेचे मानवशास्त्रज्ञ फ्रेड्रिक बार्थ यांनी १९६९ साली संपादित केलेल्या एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत जो विचार मांडला, तो या आपल्या पट्ट्यातल्या कोणत्याही जाणत्या म्हाताऱ्याला नवा वाटला नसता. बार्थ यांचे म्हणणे असे की एखाद्या वांशिक समूहाचे वेगळेपण त्याच्या संस्कृतीच्या एकूण ऐवजात शोधू नये, ते त्याने आखलेल्या हद्दीत शोधावे. ऐवज बदलतो, शेजाऱ्याकडून उसना येतो, कालांतराने टाकूनही दिला जातो, पण हद्द राखली जाते, आणि हद्द राखण्यासाठी समूह आपल्या सर्व ऐवजातून दोनचारच गोष्टी निवडून त्यांना खुणेचे महत्त्व देतो. आपल्याकडे इरावती कर्वे यांनी जात म्हणजे विस्तारलेला नातेसमूहच होय, असे जे मत आग्रहाने मांडले, त्याचाही रोख याच दिशेला आहे. हद्द कोठे आहे हे पोशाखावरून कळत नाही. कोणाच्या मांडवात कोणाची मुलगी उभी राहते, यावरून कळते.

मांडवाचा उल्लेख आला म्हणून लग्नाच्या चौकाबद्दल सविस्तर लिहिले पाहिजे, कारण दृश्य चिन्हाचे इतके संपन्न उदाहरण महाराष्ट्रात दुसरे क्वचितच सापडेल. वारली घरात लग्न ठरले की आतल्या काळोख्या खोलीची कुडाची भिंत शेणाने सारवून तिच्यावर गेरूचा हात फिरवतात. तांदूळ भिजवून वाटतात, त्याचे पांढरे पातळ पीठ होते, आणि बांबूची एक काडी तिचे टोक दातांनी चावून कुंचल्यासारखी करून घेतात. मग सवाशिणी त्या भिंतीवर चौक काढतात. चौरसाच्या काठांना साखळीसारखी, त्रिकोणांची, नागमोडी रेघांची नक्षी एकात एक गुंफत जाते, आणि मधोमध पालघट देवी येते, भरून वाहणाऱ्या घटासारखी, धान्याची आणि वंशाची वाढ करणारी. तिच्या भोवती सूर्य, चंद्र, फणी, शिडी. शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, विधीची गाणी म्हणते. ती म्हटल्याशिवाय देवी त्या भिंतीत उतरत नाही, आणि देवी उतरल्याशिवाय लग्न लागत नाही. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की हे चित्र घराच्या दर्शनी भिंतीवर नसते. ते उजेड पोचत नाही अशा जागी असते, आणि लग्न आटोपल्यावर धुराने, पावसाळ्याच्या ओलीने ते फिके होत जाते व कोणीही ते जतन करण्याची खटपट करीत नाही. पुढचे लग्न निघाले की त्याच भिंतीवर पुन्हा गेरू चढतो. चौकाने आपले काम केलेले असते. ज्यांना तो दाखवावयाचा होता त्यांनी, म्हणजे देवीने, वधूवरांनी आणि सोयऱ्यांनी, तो पाहिलेला असतो.

गोंदणाचेही तसेच. काजळी आणि वनस्पतीचा रस यांचे मिश्रण, दोरीने एकत्र बांधलेल्या तीनचार सुया, आणि पोरीला मांडीवर दाबून धरणारी आई. ते दुखते, रक्त येते, आठवडाभर हात सुजतो. एवढे सोसून घेतलेली खूण आयुष्यभर पुसता येत नाही, आणि ती पुसता येत नाही यातच तिची किंमत आहे. दागिना सावकाराकडे गहाण पडतो, लुगडे फाटते, घर पावसात बसते. या पट्ट्यातल्या बायकांच्या आयुष्यात सावकाराला, वनखात्याला आणि कंत्राटदाराला नेता न येणारी दुसरी मालमत्ता फारशी नव्हतीच. म्हातारीचे ते वाक्य परलोकाबद्दलचे आहे हे खरे, पण त्याच्यामागे इहलोकाचा अनुभव उभा आहे, असे मला वाटते.

आता सरकारच्या डोळ्याकडे वळू. इंग्रजी अंमलात या देशातल्या लोकांची वर्गवारी करण्याची जी प्रचंड खटपट झाली तिच्यात दृश्य खुणेला पुराव्याचे स्थान पहिल्यापासून मिळाले. १८६८ ते १८७५ या काळात निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या आठ खंडांच्या ग्रंथात जातीजमातींची छायाचित्रे पोशाखासह छापून त्यांखाली त्यांचे “स्वभाव” वर्णिले गेले. १८८२ साली ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर निघाले. त्यात ठाकूर, वारली, कातकरी यांची घरे, दागिने, देवदेवस्की यांची वर्णने आहेत. पुढे वेलिंग यांचे कातकऱ्यांवरील पुस्तक १९३४ मध्ये आले, सावे यांचे वारल्यांवरील १९४५ मध्ये, घुर्ये यांचे महादेव कोळ्यांवरील १९५७ मध्ये आणि ल. ना. चापेकर यांचे सह्याद्रीतील ठाकरांवरील १९६० मध्ये. गोविंद गारे यांनी तर स्वतः महादेव कोळी समाजातून येऊन या विषयाला आयुष्य वाहिले. या अभ्यासकांपैकी कित्येकांनी पाड्यापाड्यांवर पायपीट करून, मोठ्या आस्थेने जे पाहिले ते लिहिले, आणि त्यांचे ऋण मान्य केल्यावाचून या विषयावर एक ओळही लिहिणे मला योग्य वाटत नाही. परंतु ग्रंथकाराने एका विशिष्ट वर्षी, विशिष्ट पाड्यावर पाहिलेली रीत ही त्या वेळची हकीकत असते. तिला कायमचा निकष बनविण्याचा त्याचा हेतू नसतो. ते काम पुढे कायद्याने केले.

राज्यघटनेच्या ३४२ व्या अनुच्छेदाप्रमाणे ६ सप्टेंबर १९५० रोजी अनुसूचित जमातींचा पहिला हुकूम निघाला. पुढे १९५६ च्या दुरुस्तीत महाराष्ट्रातील काही जमातींची नोंद तालुकावार मुक्रर झाली, आणि ठाकूर जमातीच्या नोंदीत ठाणे जिल्ह्यातील जे तालुके आले त्यांत मुरबाड आणि शहापूर ही नावे आहेत. याचा अर्थ असा की खर्डीच्या ठाकराला आपण कोण हे सिद्ध करण्यास आपले गाव सांगणे पुरेसे होते. १९७६ च्या कायद्याने ही तालुक्यांची हद्द काढून टाकली. तो निर्णय मुळात न्याय्यच होता, कारण पोटासाठी गाव सोडून गेलेल्या माणसाची जमात गाव सोडल्याने बदलत नाही. पण त्याचबरोबर एक नवी अडचण उभी राहिली. ठाकूर हे नाव अनेक ठिकाणी निराळ्या जातींतही लावतात. कोळी हा शब्द समुद्रकाठच्या सोनकोळ्यापासून सह्याद्रीतल्या महादेव कोळ्यापर्यंत अनेक समाजांना लागतो. नाव एक आणि समाज अनेक, आणि त्या नावाला नोकरीतल्या व शिक्षणातल्या राखीव जागा जोडलेल्या. तेव्हा नामसाम्याचा फायदा घेणारे निघाले यात नवल नाही. ज्यांच्या तोंडचा घास त्यामुळे गेला, त्या खऱ्या आदिवासी तरुणांचा संताप मी शहापुरात आणि मुरबाडमध्ये वारंवार ऐकला आहे, आणि तो सर्वस्वी रास्त आहे. या लेखाचा कोणी असा अर्थ करू नये की दाखल्याची तपासणीच होऊ नये. ती झालीच पाहिजे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खोट्या दाखल्यावर मिळवलेली नोकरी, वर्षे कितीही उलटली तरी, राखता येणार नाही असे ठरविले, आणि ते योग्यच झाले.

प्रश्न आहे तो तपासणी कशावर करावी हा. १९९४ मध्ये, महादेव कोळी असल्याच्या एका दाव्याचा निकाल देताना, सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समित्या नेमण्याचा आणि दक्षता पथकाकरवी चौकशी करण्याचा मार्ग आखून दिला. चौकशीत कागदपत्रांखेरीज अर्जदाराच्या जमातीची मानववंशशास्त्रीय वैशिष्ट्ये, दैवते, विधी, लग्नाच्या आणि अंत्यसंस्काराच्या रीती हे सर्व तपासले जावे असे त्यात आले. यालाच कचेरीच्या भाषेत आप्तभाव चाचणी म्हणतात. कल्पना वरवर निर्दोष वाटते: जो त्या जमातीचा आहे त्याला तिच्या चालीरीती ठाऊक असणारच. पण जरा खोलात शिरून पाहावे. जी खूण देवीला, सासूला, सोयऱ्याला उद्देशून होती, तिचा ऐकणारा येथे बदलला. ती आता टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याला दाखवावयाची आहे. आणि ज्याने पुस्तक वाचले आहे, गारे यांची आणि चापेकरांची पाने पाठ केली आहेत, तो खोटा अर्जदार या चाचणीत उत्तम उतरू शकतो. उलट ज्या कातकरी मुलाचे बालपण दर हंगामी आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेले, ज्याच्या पाड्यावर गेल्या वीस वर्षांत जुना नाच कोणी धरला नाही, ज्याच्या बहिणीचे लग्न डीजेच्या आवाजात लागले, तो खरा असून गडबडतो. खऱ्याला नापास आणि खोट्याला पास करण्याचा धोका ज्या परीक्षेत आहे, ती परीक्षा ओळखीची नव्हे, पाठांतराची होय.

त्याहून गंभीर आक्षेप असा की ही चाचणी आदिवासीला बदलण्याची मनाई करते. १९६५ च्या लोकूर समितीने अनुसूचित जमात ओळखण्यासाठी जे निकष ठेवले त्यांत आदिम लक्षणे आणि परक्यांशी संपर्काचा संकोच ही दोन होती. आजही ते निकष सर्वस्वी गेलेले नाहीत. देशस्थाने शेंडी ठेवली नाही, कायस्थाने अंगरखा टाकून शर्ट घातला, तर त्याच्या जातीबद्दल कोणी शंका घेत नाही. ठाकराच्या नातीने मात्र हातावर गोंदून घेतले नाही, तर तिच्यापुढे प्रश्नचिन्ह उभे राहावे, हा कोणता न्याय? शाळा काढावयाच्या, रस्ते बांधावयाचे, दवाखाने उघडावयाचे, आणि मग ज्या मुली त्या शाळेत शिकल्या, त्या रस्त्याने शहरात गेल्या, त्यांना विचारावयाचे की तुमच्या अंगावर आजीच्या खुणा का नाहीत.

सुदैवाने न्यायालयाचाच विचार या बाबतीत पुढे सरकला आहे. २०११ मध्ये त्याने मान्य केले की स्थलांतराने आणि आधुनिक राहणीने जुनी लक्षणे पुसट होऊ शकतात. पुढे आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या प्रकरणात २४ मार्च २०२३ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला की आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी धरता येणार नाही, तिचा उपयोग फार तर इतर पुराव्याला जोड म्हणून व्हावा, आणि घटनापूर्व काळातल्या कागदपत्रांना मोठे वजन द्यावे. म्हणजे पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यातली किंवा गावच्या कोतवाल बुकातली एक ओळ, ही वहीभर पाठ केलेल्या विधींपेक्षा भारी ठरली.

पण येथेही मन पूर्ण निश्चिंत होत नाही. कोतवाल बुकात नोंद असण्यासाठी पणजोबांना गाव असावे लागते. कातकरी समाज पिढ्यान्‌पिढ्या खैराचा काथ काढीत रानोमाळ फिरला. काथोडी हे त्याचे नाव त्या धंद्यावरूनच पडले. वनखात्याच्या निर्बंधांनी तो धंदा बसला, मग कोळशाच्या भट्ट्या, मग वीटभट्ट्या. महाराष्ट्रात ज्या तीन जमाती विशेष असुरक्षित म्हणून गणल्या जातात, त्यांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी आहेत, आणि १९५० पूर्वीचा कागद मिळण्याची शक्यता त्यांच्याच बाबतीत सर्वांत कमी. ज्याच्या अंगावर खूण उरली नाही आणि दप्तरात ओळ नाही, त्याने जावे कोठे? मला वाटते, अशा ठिकाणी एकच पुरावा शिल्लक राहतो, आणि तो मुळात सर्वांत विश्वसनीय आहे: सोयरीक. कोणाच्या घरी मुली दिल्या, कोणाच्या घरून आणल्या, मर्तिकाला खांदा कोणी दिला, हे पाड्यावरच्या म्हाताऱ्यांना चार पिढ्यांपर्यंत तोंडपाठ असते, आणि ते कोणत्याही पुस्तकातून उचलता येत नाही. शहापूर तालुका १९८५ च्या हुकमाने अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडचाही काही भाग त्यात आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने तेथल्या ग्रामसभेला आपल्या लोकांच्या रूढी आणि सांस्कृतिक ओळख राखण्याचा अधिकार दिला आहे. तो अधिकार कागदावर ठेवण्याऐवजी, कागद नसलेल्या अर्जदारासाठी ग्रामसभेत उघडपणे घेतलेली सोयऱ्यांची जबानी पुरावा म्हणून रुजू करून घ्यावी, हे माझे स्पष्ट मत आहे. चार लोकांपुढे दिलेली जबानी खोटी देणे, टेबलावर खोटे उत्तर देण्यापेक्षा कितीतरी अवघड असते.

सरकारनंतर बाजार. १९७० च्या दशकाच्या आरंभी चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या बाजूला गेले आणि वारली घरांतल्या त्या काळोख्या भिंतींवरची चित्रे त्यांनी कागदावर आणविली. गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा मशे यांनी त्यातून एक स्वतंत्र चित्रसृष्टी उभी केली. जाळी, मुंग्या, शेते, तारपा या वाद्याभोवती फिरणारी माणसांची साखळी. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या चित्रांपुढे मी ज्या ज्या वेळी उभा राहिलो त्या त्या वेळी मला वाटले की एवढ्या थोड्या रेषांत एवढी हालचाल कोंडणारा चित्रकार आपल्या महाराष्ट्रात दुसरा झाला नाही. लग्नचौक काढण्याचे काम बायकांचे होते आणि बाजारात नाव झाले ते पुरुषांचे, याची खंत नोंदवूनही मी म्हणेन की कागदावर आलेली ही कला खोटी नाही. २०१४ मध्ये तिला भौगोलिक उपदर्शनाची नोंदणीही मिळाली.

माझी तक्रार त्यापुढची आहे. मुरबाडच्या बाजूला, जेथे बहुतेक पाडे ठाकरांचे, कातकऱ्यांचे आणि महादेव कोळ्यांचे आहेत, अशा एका ठिकाणी आश्रमशाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर पांढऱ्या त्रिकोणांची माणसे रंगविलेली मी पाहिली. मुलांना विचारले की हे कोणाचे चित्र? मुले एका सुरात म्हणाली, “आदिवासी चित्र.” तुमच्या घरी लग्नात असे काढतात का, या प्रश्नावर ती गप्प झाली. एका जमातीने आपल्या देवीसाठी काढलेली आकृती साडीच्या पदरावर, चहाच्या पेल्यावर, रेल्वे स्थानकांच्या भिंतींवर येता येता सगळ्या आदिवासींचा शिक्का झाली, आणि ज्या जमातींच्या खुणा चित्रात बसत नाहीत, ज्यांची ओळख गळ्यातल्या मण्यांच्या पोतींत, नाचाच्या पावलांत, रानातल्या औषधांच्या ज्ञानात आहे, त्या त्या शिक्क्याखाली झाकल्या गेल्या. वारल्याचे वारलीपण सर्वांना वाटून दिल्याने त्याचेही राहिले नाही आणि इतरांनाही काही लाभले नाही.

असे जगात पूर्वीही घडले आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातल्या लोकांचा चौकडीच्या कापडाचा पोशाख १७४६ च्या कायद्याने बंडखोरांची खूण म्हणून बंद करण्यात आला. १७८२ मध्ये बंदी उठली. आणि १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबऱ्याला आला तेव्हा तोच पोशाख दरबारी थाटाने मिरविण्यात आला. मग कोणत्या घराण्याची कोणती चौकडी याच्या याद्या तयार झाल्या आणि डोंगराळ लोकांना ज्यांनी पूर्वी रानटी मानले त्या मैदानी लोकांनीही तो अंगावर चढविला. याच काळात त्या डोंगरातली कुळे मेंढ्यांच्या कुरणांसाठी जमिनीवरून हुसकली जात होती. खूण गौरविली गेली आणि खुणेचा धनी देशोधडीला लागला. भातसा, तानसा आणि मोडकसागर या तलावांचे पाणी मुंबई पिते आणि मुंबईच्या स्थानकांवर वारली माणसे नाचतात; पण २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे दावे घेऊन तलावांच्या काठचा आदिवासी अद्याप कचेरीच्या पायऱ्या चढतो आहे.

यावर कोणी म्हणेल की मग आदिवासींनी खुणाच टाकून द्याव्यात. तसे मुळीच नाही, आणि त्यांनी तसे केलेलेही नाही. जानेवारी १९४५ मध्ये खर्डीपासून फार दूर नसलेल्या टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, आणि त्यानंतर सभेचे नेते गोदावरी व शामराव परुळेकर यांच्याबरोबर वारल्यांनी वेठबेगारीविरुद्ध जो लढा दिला त्यात लाल बावटा हीच त्यांची खूण झाली. तो बावटा त्यांच्या देवांनी दिलेला नव्हता, परंपरेतला नव्हता. पण ज्या दिवशी तो घेऊन माणूस मालकापुढे ताठ उभा राहिला, त्या दिवसापासून तो त्याचा झाला. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा कसारा घाट उतरून शहापूर तालुक्यातून जाणाऱ्या महामार्गाने मुंबईकडे गेला, तेव्हा लाल टोप्यांची ती रांग, आणि त्या टोप्यांखालचे भेगाळलेले, फोड आलेले पाय, सगळ्या देशाने पाहिले. २०२३ च्या मार्चमध्ये असाच मोर्चा शहापूर तालुक्यातल्या वाशिंदला थांबला आणि १८ तारखेला मागे घेण्यात आला. वर सांगितलेल्या ठाकूर समितीच्या प्रकरणाचा निकाल त्यानंतर सहाच दिवसांनी लागला.

आता ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, निघणाऱ्या मिरवणुकांत बिरसा मुंडा यांच्या तसबिरीशेजारी इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या राघोजी भांगरे यांची तसबीर असते, ज्यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले, आणि चिरनेरच्या १९३० च्या जंगल सत्याग्रहात गोळीने पडलेल्या नाग्या कातकरी यांचे नाव घेतले जाते. काही तरुण डोक्याला पिसांचे मुकुट बांधतात. ते मुकुट या मुलखातले नाहीत, अशी टीका मी ऐकली आहे. वस्तुस्थिती म्हणून ती बरोबरही असेल. तथापि ज्या तरुणाने ते पीस स्वतः निवडले आहे, स्वतःच्या हाताने खोवले आहे आणि ते दाखवावयाचे कोणाला हेही स्वतःच ठरविले आहे, त्याच्या पिसाला मी कचेरीत घोकलेल्या कुलदैवतापेक्षा अधिक खरे मानतो.

म्हणूनच त्या दोघींची जमात मी लिहिली नाही. ती सांगणे हा त्यांचा हक्क आहे; माझ्या लेखाला रंग यावा म्हणून ती वापरण्याचा मला नाही. पडताळणीच्या टेबलावर बसणाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे की समोरची मुलगी एखादा विधी सांगताना चुकली तर ती चूक तिच्याविरुद्ध लिहिण्याआधी तिच्या पाड्यावर जावे, तिच्या मामाला, आत्याला, सोयऱ्यांना विचारावे. आणि ज्या नगरपालिकांना, शाळांना, दुकानांना आपल्या भिंती सजवावयाच्या आहेत त्यांनी ते काम त्या त्या मुलखातल्या चित्रकाराला पूर्ण मजुरी देऊन सांगावे आणि भिंतीच्या कोपऱ्यात त्याचे किंवा तिचे नाव, जमात आणि पाडा, त्यांच्या संमतीने, लिहावा. खर्डीच्या त्या मुलीची वही मी पुढे पाहिली नाही. यंदा शेवळे आली तेव्हा म्हातारी फलाटावर होती. नात कॉलेजात गेली आहे, असे तिने सांगितले, आणि दाखल्याच्या पडताळणीचा कागद अजून आलेला नाही.